मशीन बंद करू नका!

रुग्णालयात डॉक्टर कोण, मेट्रन कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस कोण, हे मात्र सर्व्हर बंद पडेपर्यंत कुणी विचारत नाही. असाच एक माणूस डोळ्यांपुढे आणा. पन्नास खाटांचं रुग्णालय, तळमजल्यावर जिन्यालगतची खोली, एसीची घरघर आणि रॅकमध्ये एकुलता एक सर्व्हर. रात्रीचे साडेनऊ वाजलेत. ओपीडी संपली आहे, तेव्हा जरा साफसफाई उरकावी म्हणून हा गडी बसतो. चाचणीसाठी बनवलेल्या दोन-तीन जुन्या फायली पुसायच्या असतात. पुसण्याचा हुकूम टाइप होतो, एन्टरवर बोट पडतं... आणि पुढच्याच क्षणी ध्यानात येतं, की हुकूम दिला तो भलत्याच फोल्डरमध्ये! यादी मागवावी तर पडदा कोरा. बिलांचं मशीन, पॅथॉलॉजीचं मशीन, औषधसाठ्याचं मशीन, सगळ्यांच्या कॉन्फिगरेशन फायली एका फटक्यात साफ.

नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजतो. कॅश काउंटरवरून विचारणा, ''सर, एक डिस्चार्ज आहे, बिल काढतेय. सिस्टिम चालू राहील ना?''

आणि गंमत अशी, की सिस्टिम चालूच असते. बिल छापून बाहेरही येतं!

रुग्णालय काल्पनिक आहे, पण अपघात नेहमीचा आहे. त्यातून सुटायचं कसं, ते समजण्यासाठी आधी या खोलीतल्या सर्व्हरच्या पोटात काय असतं ते पाहायला हवं.

पूर्वी एका कामाला एक कॉम्प्युटर असे. बिलांचा वेगळा, रिपोर्टचा वेगळा. त्यातला प्रत्येक जण दिवसातला बराच वेळ रिकामा बसून वीज खाई. मग एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक कॉम्प्युटर नांदवायची युक्ती सर्रास वापरात आली. युक्ती तशी जुनी. आयबीएमने १९६०च्या दशकातच ती आपल्या अवाढव्य यंत्रांवर राबवली होती. साध्या कॉम्प्युटरवर ती आणली १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीने. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाने ही सोय आली आणि २००८मध्ये ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातून प्रॉक्समॉक्स नावाची, मोफत वापरता येणारी सिस्टिम बाहेर पडली. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय बंद झाली, तेव्हा अनेक छोट्या संस्थांनी या मोफत सिस्टिमची वाट धरली. आपल्या जिन्यालगतच्या खोलीतही तीच आहे असं धरू.

जुन्या वाड्याची कल्पना करा. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजतंय याची दुसऱ्याला दाद नाही. सर्व्हर म्हणजे हा वाडा. त्यातली बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. आणि वाड्याच्या मालकापाशी एक चोपडी असते. कोणतं बिऱ्हाड कोणत्या खोल्यांत, पाण्याचे नळ किती, विजेचं मीटर कुठलं, याची नोंद त्या चोपडीत. कॉन्फिगरेशन फाईल ती हीच. शंभर नंबरच्या मशीनला मेमरी किती द्यायची, प्रोसेसर किती, त्याची डिस्क कोणती, नेटवर्क कार्डाचा पत्ता काय, एवढंच त्यात लिहिलेलं. जेमतेम पंधरा-वीस ओळी.

आता रात्री साडेनऊला काय पुसलं गेलं? चोपडी! वाडा जागेवर आहे, बिऱ्हाडं जागेवर आहेत, चुली पेटलेल्या आहेत. रुग्णांच्या नोंदी, बिलं, रिपोर्ट हे सगळं डिस्कवर जसंच्या तसं आहे. फक्त मालकाला आता सांगता येत नाही, की कोण कुठे राहतं.

अशा वेळी माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो रीस्टार्टच्या बटणाकडे. टीव्ही अडला, बंद करून चालू करा. मोबाईल अडला, तेच. मोडेम अडला, तेच. पण कॉन्फिगरेशन गेलेल्या सर्व्हरवर हाच उपाय घात करतो. कारण चालू असलेलं प्रत्येक मशीन त्या घडीला आपली चोपडी स्वतःच्या डोक्यात बाळगून असतं. बंद केलं, की डोक्यातलं गेलं. मग सुरू करायला जावं, तर सर्व्हर विचारतो, ''शंभर नंबर? असं कुणी इथे राहत नाही!''

डोक्यात म्हणजे नेमकं कुठे? लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा एक कप्पा 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये असतो. प्रोग्राम कोणत्या हुकुमाने सुरू झाला, तो हुकूम अक्षर न् अक्षर तिथे वाचता येतो. व्हर्च्युअल मशीन हाही सर्व्हरच्या दृष्टीने एक चालू प्रोग्रामच. त्याला सुरू करताना दिलेला हुकूम चांगला लांबलचक असतो. मेमरी इतकी, प्रोसेसर इतके, डिस्क अमुक, नेटवर्कचा पत्ता तमुक. म्हणजे पुसलेल्या चोपडीतला बहुतेक मजकूर, थोड्या वेगळ्या भाषेत, तिथे मुकाट्याने पडून असतो. जाणकार माणूस तो आधी दुसऱ्या जागी उतरवून घेतो. शक्य तर सर्व्हरच्या बाहेर, पेन ड्राईव्हवर.

याच अपघाताचा एक जुळा भाऊ आहे. तो जास्त फसवा. प्रॉक्समॉक्समध्ये या सगळ्या चोपड्या वरकरणी साध्या फायलींसारख्या दिसतात, पण प्रत्यक्षात त्या एका छोट्याशा डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात आणि एक प्रोग्राम त्या मेमरीत धरून फोल्डरच्या रूपात दाखवत असतो. समजा कुणी चुकून तो डेटाबेसच पुसला. काय होईल? काहीच नाही! फोल्डर उघडा, फायली तशाच्या तशा दिसतात, कारण दाखवणारा प्रोग्राम अजून जिवंत आहे. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि खात्री करून घ्यावी म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करतो... झालं! वाचायचं असेल तर त्या दिसणाऱ्या फायली रीस्टार्टच्या आधी कॉपी करून घ्यायच्या. शिवाय लिनक्सची एक दयाळू सवयही मदतीला येते. फाईल पुसली म्हणजे दारावरची पाटी निघते, पण आत कुणी बसलेलं असेल तर खोली लगेच पाडली जात नाही. ती फाईल उघडून धरणारा शेवटचा प्रोग्राम बंद होईपर्यंत मजकूर शाबूत राहतो आणि पुन्हा काढून घेता येतो.

इथे एका गैरसमजाचा समाचार घ्यायला हवा. अनेक संस्था तीन सर्व्हर एकमेकांना जोडून ठेवतात आणि चोपडीच्या प्रती तिन्हीकडे राहतात. मग कसली काळजी, असं वाटतं. पण या प्रती क्षणोक्षणी एकमेकींशी जुळवून घेत असतात. एका ठिकाणी नोंद लिहिली की तिन्हीकडे उमटते आणि एका ठिकाणी पुसली की तिन्हीकडून पुसली जाते. यंत्र मोडलं तर अशी प्रत उपयोगी. माणूस चुकला तर नाही.

चालू असलेल्या गोष्टीच्या आधाराने मेलेलं यंत्र उठवण्याची एक जुनी हकीगत कॉम्प्युटरवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. १ ऑक्टोबर १९८६, बुधवारची दुपार. इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठातला कॉम्प्युटर विभाग. तिथे नुकत्याच कामावर आलेल्या एका सिस्टिम प्रोग्रामरने व्हॅक्स कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या वरच्या पायरीवर उभं राहून 'सगळं पूस' असा हुकूम दिला. पुसायला फारच वेळ लागतोय अशी शंका येऊन तो थांबवला, तोवर सिस्टिमचे महत्त्वाचे फोल्डर गेलेले होते. फायलींची यादी दाखवणारा साधा हुकूमसुद्धा उरला नव्हता. टेपवर बॅकअप होता, पण टेप वाचणारा प्रोग्रामही पुसल्या गेलेल्यांतलाच! म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच.

पण त्या लोकांनी मशीन बंद केलं नाही. एका टर्मिनलवर ईमॅक्स नावाचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, आधीपासून उघडा होता. सिस्टिमची आतडी निघाली तरी हा पठ्ठ्या मेमरीत जिवंत. मग एका जाणकाराने शेजारच्या दुसऱ्या व्हॅक्सवर एक इवलासा प्रोग्राम यंत्रभाषेत रचला. त्याचे आकडे या जखमी यंत्राच्या एडिटरमध्ये हाताने टाइप केले गेले. त्यातून गेलेला एक फोल्डर पुन्हा उभा राहिला आणि मग नेटवर्कवरून, योग्य त्या क्रमाने, एकेक फाईल दुसऱ्या यंत्राकडून आणत गाडी रुळावर आली. ही सारी कथा त्या विभागातल्या मारिओ वोल्चको यांनी लिहून ठेवली आणि ती पुढे जगभर फिरली. मजा म्हणजे, त्या दुपारी मोठेपणा दाखवला तो कुणी धावाधाव करून नाही. काही न करता विचार करत बसण्याची हिंमत लागली. साहेब डोकं धरून बसलेले असताना ती सोपी नसते.

मग बंद करणं नेहमीच चूक? नाही. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या कार्टूनपटाचं काम चालू असताना कुणीतरी असाच पुसण्याचा हुकूम दिला. पडद्यावरून वूडी या पात्राची टोपी गेली, मग बूट गेले, मग वूडीच गेला. बघणाऱ्यांनी मशीनरूमला फोन करून सर्व्हरची वायर खेचायला सांगितली. तिथे ते बरोबर होतं, कारण पुसणं अजून चालू होतं आणि जाणारा प्रत्येक क्षण चित्रपट खात होता. तरीही बहुतेक फायली गेल्याच. बॅकअप काढले होते, पण ते नीट झालेले नव्हते. शेवटी गेलिन सुसमन या तंत्रविभागातल्या अधिकारी बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत सापडली. तान्हं मूल असल्याने त्या घरून काम करत. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून मोटारीतून स्टुडिओत आणला गेला! आग पेटती असेल तर मेन स्विच बंद. आग विझली असेल तर राखेत पाय घालू नये. फरक एवढाच, पण तो त्या क्षणी सुचला पाहिजे.

जिन्यालगतच्या खोलीत आग विझलेली आहे. फायली केव्हाच गेल्या आहेत, मशीन चालू आहेत. तेव्हा पहिलं काम टेलिफोनवर. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला सांगायचं, की जनरेटरची चाचणी आज नको. यूपीएसला हात नको. कुणीही मशीन रीस्टार्ट करायचं नाही, 'हळू चालतंय' म्हणूनसुद्धा नाही. आणि मोठ्या डॉक्टरांनाही कळवायचं. हे कळवणं भल्याभल्यांना जड जातं. पण लपवलं तर नेमकं कुणीतरी मध्यरात्री येऊन बटण दाबतं.

मग चोपडी पुन्हा लिहायला घ्यायची. कुठून? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुना बॅकअप. प्रॉक्समॉक्स मशीनचा बॅकअप काढताना डिस्कबरोबर कॉन्फिगरेशन फाईलही आत घालतं, तेव्हा अख्खं मशीन परत न आणता तेवढा कागद त्यातून उपसून काढता येतो. ही गोष्ट फार महत्त्वाची. अनेकजण घाबरून आठ दिवसांपूर्वीचा पूर्ण बॅकअप चालू मशीनच्या डोक्यावर आणून बसवतात आणि शाबूत असलेला आठ दिवसांचा हिशेब स्वतःच्या हाताने घालवतात. फाईल गेली म्हणून डिस्क मागे न्यायची नसते. बॅकअप नसेल तर 'प्रॉक'मधून उतरवलेला हुकूम समोर ठेवून ओळी हाताने लिहायच्या.

डिस्क ओळखणं तुलनेने सोपं, कारण तिच्या नावातच मशीनचा नंबर गुंफलेला असतो. शंभर नंबरच्या मशीनची डिस्क स्वतःच सांगते, मी शंभरची. पण बाकीचे तपशील कटकटीचे. नेटवर्क कार्डाचा पत्ता, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, तो जुनाच द्यावा लागतो. नवा दिला की पाहुणा विंडोज म्हणतो, हे तर नवीनच कार्ड दिसतंय, आणि आधीची नेटवर्कची मांडणी बाजूला ठेवतो. बिलाचं मशीन सुरू होतं, पण काउंटरवरच्या पीसीला ते सापडत नाही. डिस्क कोणत्या प्रकारच्या जोडणीने लावली होती, हेही तसंच लागतं. ती बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून मोकळं होतं. बूट होण्याची पद्धत जुनी बायोसची की नवी यूईएफआयची, हे चुकलं तर तेवढंही होत नाही. अशा वेळी डेटा गेला असं वाटून माणसाला घाम फुटतो. गेलेला काही नसतो, एक ओळ चुकलेली असते.

एक सापळा मात्र खरोखर जीवघेणा. घाईत शंभर नंबरचंच नवं कोरं मशीन बनवायचं, ते जमलं नाही म्हणून डिलीट करायचं आणि डिलीट करताना 'या नंबरच्या बेवारस डिस्कही काढून टाका' या चौकोनात खूण करायची. जुनी डिस्क आता कुठल्याच चोपडीत नसल्याने ती बेवारसच ठरते! इतका वेळ फक्त चोपडी गेली होती, आता बिऱ्हाड सामानासकट गेलं. प्रयोग करायचाच तर तो कधीही न वापरलेल्या नंबरावर करावा, नऊशे नव्याण्णववर वगैरे.

आणि बॅकअप? तो आहे असं सगळेच सांगतात. गिटलॅब ही प्रोग्रामरांचं काम साठवणारी नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून मुख्य सर्व्हरवरचा पुसायला घेतला. थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती होत्या, पण रोजचा बॅकअप कित्येक दिवस निघतच नव्हता आणि 'निघाला नाही' हे सांगणारी ईमेलही पोचत नव्हती. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. सहा तासांचं काम गेलं, पण बाकीचं परत आलं. कंपनीने मात्र काहीच दडवलं नाही. दुरुस्तीचं काम चक्क जगासमोर थेट दाखवलं. त्या इंजिनिअरचं नावही जाहीर केलं नाही. नोकरी घालवायला एका हुकुमाची चूक पुरी, असं मानणाऱ्या व्यवस्थापकांनी एवढा भाग जरूर वाचावा. नोकरी जाईल या धास्तीनेच अनेकांचं बोट रीस्टार्टवर पडतं.

जिन्यालगतच्या खोलीत आता पहाटेचे दोन वाजलेत. एकेक फाईल लिहून झाली आहे, मूळ मशीन अजून चालूच आहेत. सगळ्यात आधी डिस्कचे ताजे बॅकअप काढून घेतले जातात. मग त्यातल्या त्यात बिनमहत्त्वाचं मशीन, म्हणजे औषधसाठ्याचं, नीट शटडाऊन करून नव्या फायलीवर उठवून पाहिलं जातं. ते उठलं तर पॅथॉलॉजीचं. बिलांचं सर्वांत शेवटी, रविवारी दुपारी, काउंटरवर गर्दी नसताना.

या फायलींसाठी वेगळा बॅकअप ठेवायला खर्च जवळपास शून्य. सगळ्या मिळून एखाद्या फोटोएवढीही जागा घेत नाहीत. रोज रात्री तो फोल्डर दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तारीखवार कॉपी होईल, असा दोन ओळींचा हुकूम लावून देता येतो. तारीखवार हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर आजची रिकामी प्रत कालच्या भरलेल्या प्रतीवर जाऊन बसते. काहीजण तर चक्क छापूनही ठेवतात. दहा मशीनच्या फायली चार-पाच कागदांत मावतात. डिस्कचं नाव, मॅक ॲड्रेस आणि बूटची पद्धत यांखाली लाल पेनाने रेघ मारायची आणि पंचिंग करून ती फाईल कपाटात ठेवायची. सर्व्हरच्या खोलीतल्या कपाटात नव्हे, अकाउंट्सच्या.